मेण लावलेला कट्टा

अमृतनं रविवारी कट्ट्याला मेण लावलं आणि पुसायचं राहिलं. चूक म्हणाल तर एवढीच. पण सोमवारी सकाळी साडेसातला त्याच कट्ट्यावर सिद्धलिंगप्पा चढले, आणि त्या एवढ्याशा चुकीचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू आला. कट्‌. अमृतला आधी वाटलं काठी मोडली. मग आठवलं, अप्पा काठी वापरत नाहीत.

आता कट्टा कुठला आणि त्याला मेण कशाला, हे सांगायला हवं. नाहीतर लोकांना वाटेल, चोवीस वर्षांचा घोडा दगडाला मालिश करत होता. तसं तो करतच होता म्हणा.

सोलापुरात पाहुणा आला की त्याला सिद्धेश्वराचं तळं दाखवतात, मग चंद्रविलास दाखवतात, आणि मग जेवायला घालतात. चंद्रविलास म्हणजे जुन्या एका गिरणीमालकाची दगडी इमारत. खाली वाचनालय, मधे सभागृह आणि वर चारी तोंडांचं घड्याळ असलेला मनोरा. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी इथंच येतात. इमारतीच्या पायाशी काळ्या दगडाचा गुडघ्याएवढा उंच कट्टा आहे, चांगला चाळीस पावलं सरळ, कुठं सांधा म्हणून दिसणार नाही. बाकीच्यांना तो बसायची जागा वाटतो. स्केटबोर्डवाल्याला तो दिसला की जेवण जात नाही. धावत्या बोर्डासकट उडी मारून त्याच्या कडेवर चढायचं आणि बोर्डाच्या पोटावर सर्रर्र घसरत पार टोकाला जायचं. पण दगड खरखरीत असला तर बोर्ड अडकतं आणि माणूस एकटाच पुढं जातो. म्हणून मेण.

बाकी शहरांतली पोरं मेणबत्ती घासतात. अमृत मोडनिंबचा, आयटीआय करून सोलापुरात आलेला, एमआयडीसीत सायझिंगच्या कारखान्यात कामाला. सायझिंगमधे मागावर जायच्या आधी सुताला खळ देतात, आणि सूत मऊ राहावं म्हणून त्या खळीत मेण घालतात. त्या मेणाचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. मेणबत्तीचे पांढरे ओरखडे दिसतात तरी. हे मेण दगडात असं मुरतं की दिसत नाही, नुसतं असतं. म्हणून अमृतच्या टोळीचा, म्हणजे अमृत आणि देवयानी या दोघांचा, एक नियम होता. खेळून झालं की थिनरच्या बोळ्यानं कट्टा पुसायचा.

त्या रविवारी दुपारी पुसायच्या आतच वाचनालयाचे सचिव एकनाथ सर स्कूटरवरून येताना दिसले. सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या नजरेला पडलं की माणसाला आपोआप गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. दोघं बोर्ड काखेत मारून पळाली.

"पुसलंस का?" देवयानीनं पुढच्या चौकात विचारलं.

"उद्या सकाळी पुसतो की. रात्रीतून कोण बसतंय तिथं?"

"अमृत, तुझ्या आईनं तुझं नाव 'उद्या' ठेवायला हवं होतं."

तर सोमवारी सकाळी तो थिनरची बाटली आणि चिंध्या पिशवीत घालून आला. वेळेत आला, तेवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवा. रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला होता. समोर सिद्धलिंगप्पा, चंद्रविलासचे रखवालदार, साठीचे, धोतर, पांढरी टोपी, कट्ट्याच्या टोकाला येऊन थांबले आणि त्यांनी एक पाय वर ठेवला. अमृतला ओरडायचं होतं. ओरडून काय सांगायचं? 'अप्पा, चढू नका, मी मेण लावलंय'? तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. अप्पांनी दुसरा पाय वर घेतला, मान उंच करून मनोऱ्याकडं पाहिलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, आणि पाय सटकून खाली गेले.

अमृत धावला. पळून जायला नाही, त्यांच्याकडंच धावला. पण पाय कुठल्या दिशेनं उचलायचे हे ठरवायला त्याला एक क्षण लागला होता. तो क्षण पुढं बरेच दिवस त्याला विसरता आला नाही.

दवाखान्यात त्याच्याच गाडीवरून नेलं. उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडलात?"

"पडलो," अप्पा म्हणाले. "वय झालं."

अमृत पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात उभा. बाटलीचं बूच सैल होतं. सगळ्या खोलीत थिनरचा वास सुटला होता आणि त्याला वाटत होतं, आता कुणीतरी विचारणार. डॉक्टर विचारतील, नर्स विचारेल. कुणीच विचारलं नाही. अप्पांनी फक्त एकदा नाक ओढलं आणि म्हणाले, "तम्मा, आज सोमवार हाय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अप्पा अक्कलकोटकडचे. त्यांच्या तोंडी मराठी आणि कानडी एका ताटात असायची.

"असू दे की, अप्पा."

"असू दे कसं? चावी द्यायची हाय."

चंद्रविलासचं घड्याळ विजेवर चालत नाही. आत लोखंडाचं धूड आहे, त्याला दोरखंडावर टांगलेली वजनं आहेत, आणि दर सोमवारी हँडल फिरवून ती वजनं वर ओढावी लागतात. शहाण्णव फेरे. अप्पा तिशीच्या आत गावाकडून आले, आधी दोन वर्षं कुठंकुठं राबले, मग इथं लागले. तेव्हापासून चौतीस वर्षांत एक सोमवार चुकवला नव्हता. स्वतःच्या लग्नाचासुद्धा. अंगाला हळद लागलेली असताना पहाटेच्या एसटीनं सोलापुरात आले, पिवळ्या हातानं शहाण्णव फेरे मारले आणि दुपारच्या गाडीनं बोहल्यावर गेले. बायको गुरम्मा हे अजून ऐकवते, "माझ्याआधी त्या वजनाला वर ओढून आला." आणि सोमवारी चावी दिली की खाली येऊन कट्ट्याच्या टोकावर चढायचं, कारण बरोबर तेवढ्याच जागेवरून कडुनिंबाच्या फांद्यांतून घड्याळाचं पूर्वेकडचं तोंड दिसतं. हातावरच्या घड्याळाशी वेळ ताडून बघायची. त्या सोमवारी चावीच्या आधी ताडायला गेले होते, एवढंच उलटं झालं.

"सचिव सरांना सांगू की," अमृत म्हणाला. "ते दुसरा माणूस बघतील."

अप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसा काही हात आत्ताच मोडला. मग हळू आवाजात सांगितलं. समितीत बोलणं चाललंय. पुण्याचा एक माणूस चारी तोंडांना बॅटरीची घड्याळं बसवून देतो म्हणतो. एकनाथ सरांनी अप्पांना स्पष्ट सांगितलंय, घड्याळ एकदा जरी थांबलं तरी मी पुण्याला फोन करणार. आणि घड्याळाला चावी नको झाली की चावीवाला नको. चावीवाला नको की जिन्याखालची खोली नको. त्या खोलीत अप्पा आणि गुरम्मा राहतात. दुसरं घर त्यांना कुठंच नाही.

"मी देतो चावी," अमृत म्हणाला. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते ऐकून त्याला स्वतःलाच घाम फुटला.

कारण एक गोष्ट देवयानीलाही ठाऊक नव्हती. अमृतला उंचीची भीती वाटायची. गुडघ्याएवढ्या कट्ट्यावरून तो डोळे झाकून घसरला असता. पण शेतातल्या विहिरीच्या काठावर तो कधी उभा राहिला नव्हता. मनोऱ्याची शेवटची शिडी उघडी, भिंतीला टेकवलेली, आणि पायऱ्यांच्या मधून खालचं सगळं दिसणारी. पहिल्या सोमवारी तो ती शिडी पोटावर चढला म्हणालात तरी चालेल. वर पोचल्यावर त्यानं हँडलला अशी मिठी मारली, की अप्पा खालून म्हणाले, "फिरव, फिरव. लगीन नंतर लाव."

दुसरा सोमवार गेला, तिसरा गेला. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. दर सोमवारी चावी दिली की गुरम्माकाकू त्याला बसवून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढायच्या. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाल्या,

"कट्ट्याला कुणीतरी काय लावलं होतं बघ. मी नंतर हात फिरवून बघितला. लई गुळगुळीत. ज्यानं लावलं त्याचा हात झडंल."

अमृतला ठसका लागला. त्यानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. फोड आधीच आलेले होते.

"पाणी घे रं लेकरा. तिखट झाली व्हय?"

"नाही काकू. चांगली आहे."

अप्पा भिंतीला टेकून शांत जेवत होते, डाव्या हातानं, एकेक शेंगदाणा वेचून.

"सांगून टाक," देवयानी रोज म्हणायची.

"सांगतो की."

"कधी?"

"प्लास्टर निघू दे."

"म्हणजे मोकळ्या हातानं मारता येईल त्यांना."

तिची चेष्टा असायची, पण अमृत रात्री कूस बदलायचा ते चेष्टेमुळं नाही. मार खायला त्याची तयारी होती. भीती वेगळीच होती. सांगितलं की गुरम्माकाकू परत कधी 'लेकरा' म्हणणार नाहीत. अप्पा 'तम्मा' म्हणणार नाहीत. आणि तो शिडीवर चढेनासा झाला की घड्याळ थांबेल. म्हणजे आधी हात मोडला, आता घर मोडायचं. गप्प राहिलं तरी पाप, बोललं तरी तेच.

मग पाचवा सोमवार आला. जानेवारी, पतंगांचे दिवस. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी चाललेली. अमृत सकाळी नऊला पोचला तेव्हा गुरम्माकाकू अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. वर आठ चाळीस वाजले होते. हातावर नऊ.

"थांबलंय," अप्पा म्हणाले. चेहरा असा, की घरातलं माणूस दवाखान्यात आहे. "आन् दहाला एकनाथ सर येणार हायेत. पुण्याच्या माणसाला घिऊन."

तिघं वर गेली. देवयानीही होती, सुट्टी टाकून आलेली. अप्पा एका हातानं शिडी चढले, अमृत दोन हातांनी, आणि अप्पा आधी पोचले. घड्याळाची चारी तोंडं एकाच दांड्याला जोडलेली. एक काटा अडला की चारी अडतात. पूर्वेकडच्या तोंडाशेजारी एक फळकुटाची खिडकी होती. अप्पांनी ती उघडून डोकं बाहेर काढलं.

"मांजा," ते म्हणाले.

नायलॉनचा हिरवा मांजा मिनिटकाट्याला गुंडाळला होता आणि त्याचं दुसरं टोक खालच्या लोखंडी कडीत अडकलं होतं. काठीनं निघेना. बाहेर जाऊन कापायलाच हवा होता. तबकडीच्या खालून मनोऱ्याला चारी बाजूंनी दगडाचा एक पट्टा गेलेला. खिडकीपासून काट्यापर्यंत सहा पावलं. खाली चार मजले.

"काटा आठावर हाय ते बरं," अप्पा म्हणाले. "हाताला येतोय. बारावर अडकला आसता तर शिडी लागली आसती."

अमृतला ह्यात बरं काय ते दिसेना. त्यानं खाली पाहिलं. खालचा कट्टा दिसत होता, गंध लावल्यासारखी बारीक काळी रेघ. तो खिडकीपासून दोन पावलं मागं सरला.

"मी जाते," देवयानी म्हणाली.

"गप," अप्पा म्हणाले. "मीच जातो. हात गेला, पाय हायेत अजून." आणि खरंच त्यांनी धोतर खोचायला घेतलं, डाव्या हातानं, आणि ते खोचलं जाईना.

ते बघवेना म्हणून अमृतनं चपला काढल्या. शौर्य वगैरे काही नाही. चपला काढल्यावर परत घालायची लाज वाटली, एवढंच.

गुरम्माकाकूंनी दोन चादरी वर पाठवल्या. देवयानीनं त्यांना गाठ मारली, एक टोक अमृतच्या कमरेला बांधलं, दुसरं घड्याळाच्या लोखंडी चौकटीला. "सोलापुरी चादर आहे," ती म्हणाली. "फाटत नाही. विटते फक्त." तिचा स्वतःचा आवाज विटला होता.

अमृत खिडकीतून पाठमोरा बाहेर गेला. पाय पट्ट्याला लागला. दगड थंडगार. दुसरा पाय. छाती भिंतीला, गाल भिंतीला, हात पसरलेले. पालीला हे कसं जमतं, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचारावर त्याला हसू आलं, आणि हसल्यानं पोट भिंतीपासून सुटलं, आणि मग तो जो थिजला तो थिजलाच. एक पाऊल झालं होतं. पाच राहिली होती. पुढं सरकेना, मागं येईना. कानात स्वतःचं काळीज वाजत होतं आणि जवळच घड्याळ मात्र गप्प होतं. खालून रिक्षाचा हॉर्न आला, तो त्याला आपल्याच पायाखालून आल्यासारखा वाटला.

"तम्मा," खिडकीतून अप्पांचा आवाज. "तुझ्या पायाखालचा दगुड बघू नको. नुसता वळख. खालचा कट्टा आन् वरचा कट्टा एकाच मापाचा हाय. एकाच गवंड्यानं घातलाय. खाली तू हुबा ऱ्हातोस, उड्या मारतोस, मी बघितलंय की."

"खाली घसरलं तर चालतं, अप्पा," अमृत भिंतीला म्हणाला. दात वाजत होते.

"हितं न्हाय घसरनार तू."

"कशावरून?"

"हितं मेण लावलेलं न्हाय कुनी."

अमृतला आधी शब्द ऐकू आले. अर्थ नंतर आला. खिडकीतून देवयानीच्या श्वासाचा आवाज आला, तोही थांबला. भीतीच्या वर आणखी एक भीती चढली, आणि गंमत म्हणजे पहिली त्या वजनाखाली दबली. ज्याचा हात आपण मोडला, तो माणूस सगळं माहीत असून डाव्या हातानं आपली चादर धरून बसलाय. गाठ सोडायची असती तर कधीच सोडता आली असती.

तो सरकला. दुसरं पाऊल. तिसरं. चौथ्याला टाचेखाली कबुतराची घाण आली, पाय बोटभर सरकला, चादर ताठ झाली. कमरेला मागून कुणीतरी धरल्यासारखं झालं. पाचवं. सहावं. देवयानीनं खिशात घातलेली ब्लेड त्यानं काढली, मांजा कापला, काट्यावरून सोडवला. बोट चिरलं. ते त्याला संध्याकाळी कळलं.

"सुटला!" तो ओरडला. आत अप्पांनी डाव्या हातानं लंबकाला धक्का दिला. टक्‌. मग मोठा श्वास घेतल्यासारखी जागा. मग परत टक्‌. अमृतच्या गालाखालची भिंत हलली.

परत येताना सहा पावलं कशी झाली ते त्याला आजही सांगता येत नाही. आत येऊन तो फरशीवर बसला आणि चादरीची गाठ सोडत राहिला. अप्पांनी आतून काटे फिरवून वेळ लावली. नऊ बेचाळीस.

"कवापासून ठाऊक हाय?" अमृतनं विचारलं. शहरात आल्यापासून दाबून ठेवलेलं मोडनिंब तोंडातून बाहेर पडलं.

"दवाखान्यातच की. तुझ्या पिशवीला थिनरचा वास. माझ्या धोतराला मेण. आरं, हितं लागायच्या आधी दोन वरसं कुटं होतो मी? सायझिंगमधी. त्या मेणानं माझीबी बोटं बुळबुळीत झालीत की."

"मग बोलला का न्हाय तुमी?"

"बोललो आसतो तर तू पुढच्या सोमवारी आला आसता व्हय?"

देवयानी भिंतीकडं तोंड करून हसत होती की रडत होती, ते कळलं नाही.

"माझं चुकलं, अप्पा." शेवटी ते निघालं. चार आठवडे अडकून राहिलेलं, आणि बाहेर आलं तर एवढंसंच.

"चुकलं तर." अप्पांनी टोपी नीट केली. "गुरम्माला सांगू नको. तिनं हात झडंल म्हणलंय, आता तिला परत काय म्हणायचं सुचणार न्हाय. आन् फुकट न्हाय सोडणार मी. प्लास्टर निघालं की एकदा मला त्या फळीवर बसव. ह्या टोकापास्नं त्या टोकापातुर. चौतीस वरसं नुसता चढून घड्याळ बघतोय, घसरायला काय वाटतं ते बघू तरी."

"एकदा घसरलात की, अप्पा."

"ते मोफत होतं."

दहाला एकनाथ सर आले. पुण्याच्या माणसानं चारी तोंडांची मापं घेतली, चहा घेतला, पत्र पाठवतो म्हणाला. सरांनी स्वतःचं घड्याळ मनोऱ्याशी ताडून पाहिलं, एका मिनिटाचाही फरक निघाला नाही, आणि ते जरा निराश झाल्यासारखे दिसले. पुण्याचं पत्र अजून यायचंय. येईलही. तोवर खोली आहे.

प्लास्टर गड्ड्याची यात्रा उठल्यावर निघालं. मनगट थोडं वाकडं जुळलं, पण हँडल फिरतं. तरी शेवटचे वीस फेरे अमृतच मारतो. कट्टा तो आता दोनदा पुसतो, आणि वर धोतराच्या चिंधीनं घासून बघतो. चिंधी अप्पांनीच दिली आहे, कुठल्या धोतराची ते सांगितलं नाही.

तेवढं एक राहिलं. दर सोमवारी चावी झाली की अप्पा कट्ट्याच्या टोकाशी येतात, धोतराचा काचा मारतात, वहाणा काढून शेजारी ठेवतात आणि बोर्डाकडं बघतात.

"काय तम्मा? आज?"

"आज चाक सैल हाय, अप्पा." नाहीतर, "आज वारं लई हाय." मागच्या सोमवारी तर त्याला कारण सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "आज सोमवार हाय."

"मग?"

अमृतनं बोर्ड काखेत मारलं. चार मजले उंचावर तो सहा पावलं चालून आला होता, पण ह्या म्हाताऱ्याला चार चाकांवर उभं करून हात सोडायचा म्हटलं की तो परत दोन पावलं मागं सरतो. अप्पांनी वहाणा घातल्या, मान उंच करून मनोऱ्याकडं पाहिलं, वेळ ताडली.

"बरोबर चाललंय," ते म्हणाले. "माझा फेरा मात्र राहिलाय, ध्यानात ठेव."